बाबांची हत्यारं

आवराआवरीचं नाव काढू नका गं माझ्यापुढं. आमचे बाबा मोटार मेकॅनिक. ते गेल्यापासून मानवतच्या घरचं गॅरेज तसंच पडून होतं. दोन्ही धाकट्या भावांनी कधी शटर वर केलं न्हाई. शेवटी दिवाळीला माहेरी गेले तवा मीच हात घातला. मोडक्या दाराची फळी भिंतीला ठोकली, तिला खिळे मारून पान्हे, पकडी, हातोड्या ओळीनं टांगल्या. तेलाचे डबे कापून त्यात नट-बोल्ट भरले. आई बघून म्हणली, "आत्ता येऊन कामाला लागतील असं वाटायलंय गं." दोघी रडलो.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. मला वाटलं, त्यांनाही भरून येईल. दोघांतला थोरला म्हणला, "ताई, लय झकास केलंस. काय काय हाय ते आता नीट दिसायलंय." आन् धाकट्याला म्हणला, "जा, दोन पोती आण."

माझ्यासमोर दोघांनी एकेक हत्यार उतरवून वाटून घेतलं. मी म्हणलं, "बाबांची आठवण म्हणून एक पान्हा तरी मला ठेवा रे."

थोरला म्हणला, "पान्हा घेऊन तू काय करणार? फळी ने की. ती तूच केलीस."