तीन तुकड्यांचं बिस्कीट

तुम्ही करंज्यांचं काय सांगताय गो, मी कुवेतात स्वीडनच्या नाताळाची बिस्किटं भाजून आलेय!

मुलगा-सून कामावर, नात शाळेत. दिवसभर घरात मी आणि एसीची घरघर. शेजारच्या फ्लॅटमध्ये ॲना नावाची स्वीडिश बाई, तीही एकटीच. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तिने मला आणि नातीला बोलावलं. सुंठ, दालचिनी, लवंग घातलेलं पीठ तिने पापडासारखं पातळ लाटलं. मी आपलं सवयीने भाकरीसारखं थापलं.

बिस्किटं भाजून झाली तशी ॲना काहीतरी बोलली. नात म्हणाली, "आजी, बिस्कीट तळहातावर ठेव, मनात विश माग आणि बोटाने ठोक. तीन तुकडे झाले तर विश खरी होते. त्यांच्याकडे असंच करतात."

मी ठोकलं. बिस्कीट ढिम्म!

नात खिदळली, "आजी, ही तर फरशी आहे!"

ॲनाने हसत स्वतःचं पातळ बिस्कीट माझ्या हातावर ठेवलं. मी डोळे मिटून मनातलं मागितलं नि ठोकलं. बरोब्बर तीन तुकडे!

"पावलास रे दे..." म्हणतेय तोच नातीने माझ्या तोंडावर हात ठेवला. "शू! खाऊन होईपर्यंत एक शब्द नाही बोलायचा. नाहीतर विश गेली!"

खाल्लं मुकाट्याने. पण मला सांगा, दिवसा बोलायला कुणीतरी मिळू दे, एवढंच तर मागितलं होतं मी. आणि त्याला अट काय, तर गप्प बसायचं! अगो, ती तर मी तिथे रोजच पाळत होते.