ओली राहिलेली गवार

—न्हाई न्हाई मुकादम, असं दारातून म्होरं जाऊ नका, बसा. ऊसतोडीला कोयता लिवायचा म्हंजी जोडीनं दोन मानसं लागत्यात, ठावं हाय मला, नवी हाय का मी? गहिनीनाथ तोडील, मी मोळ्या बांधीन. मायलेकाचा कोयता. लिवा, गोजरबाई. सुनंचं नाव काढू नका. लंकाबाईला काडीचं काम येत न्हाई! हे बघा, ही गवार — घ्या, हातात घ्या. बुरशी आली! आख्खं गाठोडं! औंदा पावसानं दडी मारली, हिरीला तळ लागला, तरी मी मोरीच्या पान्यावर चार वाफं जगवलं — आंगुळीचं पानी, भांड्याचं पानी, थेंब वाया जाऊ दिला न्हाई. कशापायी? तर दसरा झाला की गाड्या हालनार, सारा हिवाळा कोल्हारकडं पाचटाच्या कोपीत काढायचा. पहाटं फडात शिरलं की अंधारालाच भाईर. भाजी आनायची कवा, निवडायची कवा? वाळकी मूठभर टाकली उकळत्या पान्यात, तिखट-मीठ घातलं, झालं कोरड्यास. दरसाल मीच वाळवते, औंदा तिच्यावर सोडली.

आता गवार कशी वाळवायची, तुमच्या घरी केशरबाईला इचारा — वाफवायची, बाजंवर धडपं टाकून पसरायची, चार दिस कडक ऊन द्यायचं, अन् शेंग मोडून बघायची. कट्टकन मोडली पायजे. वाकली की ओली. एवढं सोपं हाय, पर बघायला नगं? सारा हिवाळा आता नुसतं मीठ-भाकर खायची. डोस्कं फिरलंय माझं निसतं! अशी बाई फडात काय करनार? मोळी सैल बांधील, गाडीत चढवताना सुटंल, बोल तुमालाच लागंल. तुमच्या बऱ्याचंच सांगते.

काय? गाठोडं कुनी बांधलं? — तिनंच. म्हंजी — गाठ मी मारली. ती म्हनत हुती, आत्याबाई, अजून ओलसर दिसतीया. पर तिचं काय ऐकायचं? मी मूठ उचलली, बोटानं चाचपली, वरची वाळली हुती. खालची हिरवी ऱ्हायली का पांढरी पडली, ते मला काय दिसतंय—

तसं न्हाई वो. सांज झाली हुती, म्हनून. दिसा समदं दिसतंय मला. तुमी दिसताय की, टोपी घातलीया. — मुंडासं? व्हय, मुंडासंच म्हनायचं हुतं मला. आन् मोळी बांधायला डोळं कशाला लागत्यात? उसाच्या शेंड्याच्या वाढ्याला पीळ द्यायचा, गाठ मारायची, हाताला ठावं असतंय सगळं. थांबा, काय लिवताय? लंकाबाई? आवो, तिला येत न्हाई म्हनलं ना! — येतं. समदं येतं, माझ्यापरीस चांगलं येतं, खोटं बोलले मी. सातवा म्हयना सरलाय तिचा. गेल्या साली उसाच्या सरीतच बाळंत झाली, नाळ कोयत्यानं कापली मी. तीन दिसांचं लेकरू कोपीत गारठून गेलं, अन् चौथ्या दिशी ती मोळ्या बांधत हुती, तुमच्या म्होरं. इसरला? मी न्हाई इसरले. म्हनून मी येनार हाय, ती घरी ऱ्हाईल. जोडी पायजे ना तुमाला? म्हातारी तर म्हातारी, जोडी हाय न्हवं!

कोन आलं? लंका? तू कशाला भाईर आलीस? आत जा. येते म्हनू नगंस, तुला कुनी इचारलं? मी बोलतीया न्हवं मुकादमाशी! गहिन्याचा कोयता जाईल तर जाऊ दे, आत जा म्हनते ना. मुकादम, तिचा हात सोडा. ती डबी बंद करा शाईची. लंके, दिलास का गं आंगठा? बोल की. मला न्हाई दिसत.

लंके?