माझं म्हणजे हातांचंच

बहीण : परत खोकलास, दादा.

भाऊ : पावडर गेली नाकात. न्हाव्याच्या दुकानात पावडर नाही उडणार, तर काय अत्तर उडेल?

बहीण : कपाळ बघू. अगं बाई, तव्यासारखं तापलंय! काल डॉक्टरबाईंना सांगितलंस का हे?

भाऊ : त्यांनी विचारलं, "बरं आहे ना?" मी हात पुढे केले. म्हटलं, बरं आहे. खोटं कुठं बोललो?

बहीण : त्या तुझं विचारत होत्या!

भाऊ : माझं म्हणजे हातांचंच.

बहीण : आणि ताप मोजला नाही त्यांनी?

भाऊ : जाताना गोळी घेतली होती.

बहीण : शाबास! अरे, प्रयोगातलं औषध आहे ते. अंगातले पहारेकरी तुझ्याच कातडीला चोर समजून झोडपत होते, म्हणून इंजेक्शनानं त्यांना गुंगी दिलीय. आता खरा चोर छातीत शिरला तर?

भाऊ : खरं सांगितलं तर उद्याचं इंजेक्शन बंद. पुन्हा तो सोरायसिस, पुन्हा खवले, भेगा. गिऱ्हाईक हात बघायचं आणि म्हणायचं, "घाईत आहे, उद्या येतो." परवा दाढी करताना एकजण झोपला, चिमणे. माझ्या हाताखाली झोपला!

बहीण : आणि तू? वहिनी सांगत होती, रात्रभर बसून असतोस. आडवं झालं की धाप लागते.

भाऊ : म्हणजे तिनं चहाडी केली.

बहीण : रडत होती ती. फोन लावते मी.

भाऊ : नको गं. उद्याचं एवढं एक घेऊ दे, मग मीच सांगतो.

बहीण : लागला. धर.

डॉक्टर (फोनवर) : बोला, काय म्हणताय?

भाऊ : हात... हात एकदम छान आहेत, डॉक्टर.

डॉक्टर : ते मी काल पाहिलं. बाकी?

बहीण : बोल ना, दादा.

भाऊ : ताप आहे. बरेच दिवस. काल गोळी घेऊन आलो होतो. धापही लागते.

डॉक्टर : अहो, काय हे! उद्याचं इंजेक्शन नाही. आत्ताच्या आत्ता इकडे या, छातीचा फोटो काढू.

भाऊ : मग पुन्हा कधी... इंजेक्शन?

डॉक्टर : ते आज नाही सांगता येणार. आधी तुम्ही या.

बहीण : चल. ॲप्रन काढ. मी गाडी थांबवते, तू कुलूप लाव.

भाऊ : कुलूप तू लाव, चिमणे. मी जरा हात बघतो.