भिवा तांडेलाचा दोर

मंडळी, हे लिहून ठेवणारच नव्हतो. कीर्तन काय टायपायची वस्तू आहे का? समोर माणसं हवीत, टाळ हवा, मागे कुणीतरी पेंगायला हवं! पण मागच्या खेपेला हे आख्यान लावलं, आणि चौघीजणींनी घरी जाऊन चार वेगळ्याच गोष्टी सांगितल्या. एकीची क्रेन तर उडून समुद्रात गेली! म्हणून टायपतोय. तुम्ही समोर बसलाय असं समजतो. सरका पुढे—मागच्यांना टेकायला जागा द्या.

तर आधी प्रश्न. वादळ येणार हे कळलं. आता बांधायचं काय—आणि सोडायचं काय? लगेच मान हलवू नका! सगळ्यांना वाटतं, सोपं आहे. भिवा तांडेलालाही वाटलं होतं.

ऐका! रत्नागिरीच्या खाली, खाडीच्या काठावर एक इमारत उठत होती. आठ मजले. शेजारी क्रेन—उंच, पिवळी, आडवा हात पसरून उभी. खाडीवर धुकं आलं की खालचा खांब दिसेनासा व्हायचा, आणि नुसता तो हात वर तरंगत राहायचा. जणू कुणीतरी आभाळाला "थांब जरा" म्हणतंय!

भिवाकाका तिथला दोरवाला. बांबू बांधणं, माल आवळणं, गाठी मारणं—सगळं त्याच्याकडे. पूर्वीचा दर्यावरचा माणूस. स्वतःची होडी होती. एका वादळात गेली. होडी गेली आणि दोर हातात राहिला—जाड, काळपट, मिठानं कडक झालेला. तो दोर त्यानं टाकला नाही. शेडमध्ये उशाशी गुंडाळून ठेवायचा. बायको, सरसूवहिनी, म्हणायची, "माझ्या डोक्याखाली कधी हात नाही ठेवलात, आणि त्या दोराला उशी!" हसू नका, पुढच्या रांगेतल्या वहिनी, तुमच्याकडेही असेल असं काहीतरी!

क्रेनच्या खालीच कामगारांच्या पत्र्याच्या शेडी. तिथंच सरसूवहिनीची चूल, तिथंच सगळ्यांचा संसार.

आता त्या वर्षीचा अंदाज आला—चार महिन्यांत पाऊस सरासरीपेक्षा कमी. बिल्डरसाहेब खूश! साइटवरच्या इंजिनिअर नूतन जगदाळेंना म्हणाले, "मॅडम, यंदा पाऊसच नाही. ते पत्रे आवळणं, जाळ्या उतरवणं, शाळेत जागा बघून ठेवणं—कशाला हा उपद्व्याप?"

मॅडम म्हणाल्या, "साहेब, तो अंदाज चार महिन्यांचा आहे. वारा एका संध्याकाळचा असतो."

वा! मंडळी, आमचे एक मामा आहेत. वर्षभरात सरासरीपेक्षा फारच कमी बोलतात. पण गेल्या लग्नात एकदाच बोलले—अजून दोन घरं एकमेकांकडे जात नाहीत! सरासरीचं काय घेऊन बसलात?

मॅडमनी साहेबांचं ऐकलं नाही. हायस्कूलच्या हेडमास्तरांना भेटून दोन वर्ग मागून ठेवले. आणि खरंच एका दुपारी मॅडमचा मोबाइल वाजला. इशारा! संध्याकाळी सोसाट्याचा वारा. मॅडमनी सगळ्यांना गोळा केलं. "बायका-मुलं शाळेत न्या. मचाणावरच्या जाळ्या उतरवा. भिवाकाका, हलेल ते सगळं बांधा!"

हलेल ते सगळं. लक्षात ठेवा हं.

भिवानं पत्रे बांधले, बांबू बांधले, पाण्याच्या टाक्या बांधल्या. गाठी अशा, की यमालाही सोडवता येऊ नयेत! मग इमारतीच्या गच्चीवर आला. खाडी शिशासारखी पडली होती. एक बगळा हलत नव्हता. उजेड पिवळा—हळद कालवल्यासारखा. आणि त्या उजेडात भिवाला दिसलं...

क्रेन हलतेय!

वर कुणी नाही. क्रेनवाला केव्हाच उतरलेला. आणि तो मोठा हात आपोआप, हळूहळू, झोपेत कूस बदलावी तसा वळतोय. आवाज नाही. हुकाला एक दोर लोंबत होता—माल वळवताना खालून धरतात तो, काढायचा राहिलेला. तरंगत तरंगत भिवाच्या डोक्यावर आला. आणि त्याला क्रेन दिसेना. त्याला दिसली होडी—त्याची होडी, सुटून चाललेली!

"थांब गो बाय," तो पुटपुटला. "परत नको जाऊस."

धावत खाली गेला. उशाचा दोर आणला. बांबूनं तो लोंबता दोर ओढला, त्याला आपला दोर जोडला, आणि गच्चीच्या खांबाला वेढ्यावर वेढे! हात थांबला. भिवा खांबाला टेकून बसला. डोळे भरून आले त्याचे. यावेळी धरली. यावेळी नाही जाऊ दिली!

काय वाईट केलं हो त्यानं? प्रेमच केलं ना?

तेवढ्यात वाऱ्याची पहिली झुळूक. मग दुसरी. मग धक्का! क्रेन कण्हली. हो, लोखंड कण्हतं, मंडळी! खालून मॅडमनी मान वर केली, आणि जिने चढत धावल्या.

"काका! क्रेन कुणी बांधली?"

"मी! तुम्हीच सांगितलंत ना, हलेल ते बांधा!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "चुकलं माझं. अर्धवट सांगितलं. सोडा तिला!"

"सोडू? खाली शेडी आहेत!"

"म्हणूनच सोडा! क्रेनवाला मुद्दाम ब्रेक मोकळा करून गेलाय, वरच्या हलक्या वाऱ्यानंही ती वळते. वारा जिकडून येईल तिकडे ती पाठ करते. बांधलीत तर वारा आडवा कुशीवर बसेल—आणि ती खांबासकट खाली येईल!"

भिवानं दोराला मिठीच मारली. "एकदा सुटली. पुन्हा नाही."

आणि खालून आवाज आला—सरसूवहिनीचा! सगळी शाळेत गेली, ही बाई शेडीच्या दारात उभी! "अहो! उतरताय का? तुम्ही उतरल्याशिवाय मी इथून हलायची नाही!"

"जा गो तू!"

"नाय जात! एक होडी हरवली, आता नवरापण?"

क्रेन पुन्हा कण्हली. मॅडम भिवाशेजारी गुडघ्यावर बसल्या. ओरडल्या नाहीत. विचारलं, "काका, होडी एकाच नांगरावर असली की वाऱ्यात काय करते?"

"फिरते. तोंड वाऱ्याकडे करते."

"आणि पुढून-मागून दोन्हीकडून बांधली तर?"

वारा धोतर ओढत होता, आणि भिवा त्या काळपट दोराकडे बघत होता. मग अगदी हळू म्हणाला—लहान मूल झोपेत बोलतं तसा—

"दोन्हीकडून मीच बांधली होती, मॅडम. नेहमी एका नांगरावर ठेवायचो. त्या दिवशी भ्यालो. वाटलं, आणखी घट्ट... लाट आडवी कुशीवर बसली. मोडली ती. मी म्हणत राहिलो, सुटली, सुटली."

गच्चीवर दोन माणसं, आणि मध्ये तेवढं एक वाक्य. वारासुद्धा थबकला असेल, मंडळी!

गाठ सुटेना. ताणानं दगड झालेली. भिवानं कमरेची कोयती काढली. "मॅडम, खांबामागे व्हा. दोर उसळेल." स्वतःही आड झाला. पहिला घाव. दुसरा. उशाचा दोर, होडीचं शेवटचं काही—तिसरा!

तटकन तुटला. हवेत सापासारखा उडाला. आणि क्रेन वळली... सावकाश... पिवळ्या उजेडात, वाऱ्याला पाठ देत, जणू कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "चल, इकडे तोंड कर." कण्हणं थांबलं.

भिवा खाली आला. सरसूवहिनीनं त्याचे रिकामे हात बघितले, एक हात घट्ट धरला, आणि शाळेपर्यंत काही बोलली नाही. ती बोलली नाही! यावरून काय ते समजा!

मग जे वादळ झालं! दोन शेडींचे पत्रे उडाले. खाली माणूस नव्हता. शाळेच्या व्हरांड्यातून सगळे बघत होते—विजेच्या उजेडात ती क्रेन, वारा फिरेल तशी फिरतेय, एकटीच, नाचल्यासारखी. भिवाच्या मांडीवर कुणाचं तरी पोर झोपलं होतं. तो हसत होता आणि रडत होता.

सकाळी क्रेन उभी. बिल्डरसाहेब आले, वर बघून म्हणाले, "बघा! वारा काही फार नव्हता!"

अशा माणसाला काय सांगणार? प्रसाद द्यायचा, दुसरं काय!

पण तुम्हाला सांगतो. पत्रे बांधा. टाक्या बांधा. यंदा पाऊस कमी म्हणून खुंटी सैल ठेवू नका. आणि मग घरात या, आणि बघा—भीतीपोटी कुणाला दोन्हीकडून बांधून ठेवलंय? लेकीला? सुनेला? म्हाताऱ्याला? त्याला वाऱ्यात वळायला जागा ठेवलीय का? तो कण्हतोय—ऐकू येतंय?

मला येतंय. माझ्या डाव्या हाताला पखवाजावर बसतो तो गोरक्ष. माझा मित्र. त्याला बडोद्याला काम लागलंय, आणि मी महिनाभर म्हणतोय—थांब रे, तुझ्याशिवाय कीर्तन कसं उभं राहील?

गोरक्ष, हे टायपून झालं की पहिल्यांदा तुलाच पाठवणार आहे. मंडळींच्या साक्षीनं शब्द देतो. सोमवारी तुला गाडीवर सोडायला मी येईन. पखवाज मी उचलीन. आणि गाडी हलली की खिडकीचा गज सोडून देईन.