श्रीलंकेचा बिबट्या

श्रीलंकेचं विचारूच नका रे. बेटभर आपणच गाडी चालवत फिरायचं, अभयारण्यात बिबट्या बघायचा, असं बायकोनं ठरवलेलं. मी सुट्टी टाकली. तिकिटं काढणार, तेवढ्यात गावाहून, कोरीटहून वडिलांचा फोन. "उसमा बिबट्या शे. मजूर तोडाले येत नहीत. गाडी लई ये, हॉर्न वाजाड."

सगळी सुट्टी मी उसाभोवती हॉर्न वाजवत फिरलो. बायको शेजारी, नवीकोरी दुर्बीण गळ्यात. शेवटी बिबट्या निघाला आणि सरळ चुलतभावाच्या उसात शिरला.

"दिसला एकदाचा. चला घरी," बायको म्हणाली.

मी गाडी वळवतोय, तोच चुलतभाऊ आडवा. "भाऊ, सकायले मन्हा उसकडे ये. वहिनीलेबी आन, तिले बिबट्या आवडस ना!"