टाक्याचं कुलूप आणि दोन कचेऱ्या

...आता तक्रार तरी कुणाकडे करू? आमच्या वाळवंटी गावच्या संत सर्जिअसबाबाला नवस मीच बोलले होते ना! तुम्हाला सांगते, वालेन्स नावाचा उंटदळातला शिपाई सरकारनं आमच्या घरी उतरवला. शिपायाला घराचा तिसरा वाटा द्यायचा, कायदाच आहे! द्या की! पण त्यानं निवडलं अंगण, आणि पाण्याच्या टाक्याचं तोंड नेमकं अंगणात... लावलं की हो कुलूप! सून मालखा आठव्या महिन्यात, ती कोसभरावरून घडे वाहतेय, आणि हा आमच्या पाण्यानं उंटाला न्हाऊ घालतोय!

गेले मुलकी कचेरीत. कारकून म्हणतो, "मावशी, तो शिपाई. त्याला बोलायचं सरलष्करांनी. कायदाच आहे!" तिथून तीन दिवस उंटावर हिंदकळत लष्करी कचेरीत. तिथला म्हणतो, "टाकं घराचं, घर रयतेचं, रयत सुभेदारांची! आमचा काय संबंध, आजी?" बघा, एका कचेरीत मावशी, दुसरीत आजी... वाटेतच म्हातारी झाले!

आमचे हे उसळले, "कुलूपच फोडतो!" म्हटलं, "फोडा, म्हणजे दोन्ही कचेऱ्या तुम्हालाच शोधत येतील."

मग बोलले नवस. "बाबा, या दोन कचेऱ्यांचं एकदा एकमत होऊ दे, वर्षभर तुझ्या देवळातल्या दिव्याला तेल घालीन, अनवाणी येईन." नवसाचा उपास धरून भिजवलेली डाळ आणि खारे ऑलिव्ह खाऊन दिवस काढले... आणि झालं हो एकमत! दोघांनी ठरवलं, जागेवर जाऊन चौकशी करायची. एक मुलकी साहेब आला, एक लष्करी. उतरणार कुठे? आमच्याकडेच! आणि प्रत्येकाला तिसरा वाटा, कायदाच आहे! एक वालेन्सचा, दोन या साहेबांचे... आम्हाला उरलं काय? गच्ची!

पण बाबाची करणी बघा. साहेबांना सकाळी पाय धुवायला पाणी नको? वालेन्सनं मुकाट्यानं कुलूप काढलं. मालखा गच्चीवरच बाळंत झाली, मुलगी झाली, आणि पहिली आंघोळ घरच्या पाण्यानं!

काल मुलकी साहेब म्हणाले, "आजी, चौकशी संपत आली हं." साहेब गेले की कुलूप परत... म्हणून बायांनो, पदर पसरते, तुम्हीही बाबाला एक नवस बोला, ही चौकशी कधीच संपू नये!