भंडारा स्वयंपाकघराच्या दारात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, या मोटेलचे मालक आणि या खोऱ्यात मला पहिलं गरम जेवण वाढणारे आदरणीय शैलेंद्रकाका. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या पद्मजाताई. आईला न्यायला व्हिटबीहून आलेल्या जाईताई. आत पुऱ्या तळता तळता इकडे कान लावून बसलेल्या प्रभाकाकू. आणि घाट ओलांडून आलेल्या माझ्या मराठी बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी भाषण करणारा माणूस नाही. नववीत शाळेला माझा आणि मला शाळेचा कंटाळा आला. त्यानंतर चेरीच्या बागेत राबलो, ट्रक धुतले, घरांना ड्रायवॉलच्या भिंती लावल्या, पण एका जागी काही टिकलो नाही. मग एवढे डॉक्टर, इंजिनियर समोर असताना माइक माझ्या हातात का? तर त्या पायऱ्यांचा विषय निघणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यावर बोलायला कुणीच तयार नव्हतं. काका म्हणाले, "देव्या, तू बोल. तुझी इथं कसली अब्रू जायचीय?"

(काका, हसू नका, तुम्हीच म्हणालात.)

तर मंडळी, जरा मागच्या खिडकीतून बघा. हा उतार. उभाच्या उभा, त्यावर फर आणि सीडरची झाडं. दोन वर्षांपूर्वी त्या झाडांखाली काय होतं आठवतं का? घोट्यापर्यंत त्यांच्या गळलेल्या पानांचा, म्हणजे सुयांचा थर, शेवाळ, ऑल्डरची दाट झुडपं आणि वर्षानुवर्षं आडवे पडून कुजलेले ओंडके. आपण पडलो अंगण झाडून लख्ख ठेवणारी माणसं. आपल्याला ते बघवेना. त्यातून प्रभाकाकूंनी माहेरचा खंडोबाचा टाक आणलेला. काका म्हणाले, "एवढा डोंगर दाराशी आहे आणि वर देव नाही? शोभतं का हे?" आणि खंडोबा म्हटला की पायऱ्या आल्याच.

मग काय, श्रमदान! ओंडके ओढून काढले, ऑल्डर कापला, सुया रेकने ओढून पिशव्यांत भरल्या. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून वरच्या मोठ्या खडकापर्यंत सरळ पायऱ्या खोदल्या. उल्हासअण्णा आयुष्यभर रस्ते बांधलेले. ते दोरी धरून उभे, "वळण नको रे, देवाची वाट सरळ पाहिजे!" मी तेव्हा काकांकडे फावड्यानं बर्फ काढायला आणि पडेल ते काम करायला होतो, त्यामुळे कुदळ माझ्याच हातात. संध्याकाळी डोंगर असा दिसत होता, की जणू आत्ताच न्हाव्याकडून उठून आलाय. पोहे खाल्ले, फोटो काढले.

पद्मजाताई तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या. ज्यांनी सारा जन्म अशाच उतारांवरची माती आणि जंगलं सांभाळण्याची नोकरी केली, त्या गावात नसतानाच आपल्याला हा उत्साह यावा, हे आपलं नशीब. त्या परत आल्या त्या थेट, वर खडकावर देव बसवल्याच्या प्रसादालाच. ताट हातात घेऊन मागच्या दारात उभ्या राहिल्या. आता ओरडतील, असं मला वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "काकू, थोडा भंडारा देता? आणि देवेश, बादली भरून वर ये रे."

वरच्या पायरीवर त्यांनी मूठभर भंडारा टाकला आणि मला पाणी ओतायला सांगितलं. पिवळी रेघ निघाली ती एकेक पायरी उतरत, कुठंही न अडता सरळ खाली. छोटी गौरांगी प्रभाकाकूंना ओरडून म्हणाली, "आजी, इट्स कमिंग टू युअर किचन!" पाणी उंबऱ्याशी येऊन थांबलं. पिवळं, आणि बरोबर चिखल.

ताई म्हणाल्या, "वर हातभर माती आहे, खाली खडक. ही माती सुयांनी झाकलेली होती, मुळांनी शिवलेली होती. आडवे ओंडके पाण्याला दम खायला लावत होते. तुम्ही सगळं काढलंत आणि पाण्याला जिना करून दिलात. नोव्हेंबरचा पाऊस लागला, की हा उतार मोटेलमध्ये येईल."

काकांचा चेहरा उतरला. या मोटेलपलीकडे त्यांचं काही नाही, हे आपण जाणतो. तरी हळूच म्हणाले, "पण देव?"

"देवाला म्हणावं, खाली ये. तो येईल. माती खाली आली, तर परत वर जायची नाही."

मग आपण कचरा परत नेऊन टाकला! पायऱ्या बुजवल्या, ओंडके आडवे टेकवले, ओल्या जागी झटकन मुळं धरणाऱ्या विलोच्या काड्या रोवल्या. सुया कमी पडल्या, तेव्हा काका शेजाऱ्यांकडे पिशव्या मागत हिंडले. एका गोऱ्यानं विचारलं, काय चाललंय? काका म्हणाले, "गार्डनिंग."

आणि तो पाऊस आलाच. हायवे बंद झाला, गिऱ्हाइकं आधीच गावात पाठवली होती. काका मात्र हलेनात. ताई म्हणाल्या, "मागचं पाणी बघत राहा. गढूळ आलं तर एक क्षण थांबायचं नाही, गाडीत बसायचं. निवळ येतंय तोवर चहा टाका." प्रभाकाकू स्टीलचं पातेलं धरून दारात. आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे बघतोय. त्या वाकल्या, पातेलं उजेडाकडे तिरपं केलं, पुन्हा वाकल्या. आणि मग मागे न वळता म्हणाल्या, "आलं घालू का चहात?"

मंडळी, त्या चहाइतका गोड चहा मी प्यालो नाही. काका तर तिथंच जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे हसत सुटले. उतार जागचा हलला नव्हता. आजही तिथंच आहे, आणि खंडोबा लॉबीत हीटरजवळ सुखात आहे.

त्यानंतर मी ताईंच्या हाताखाली झाडं लावायला लागलो. काल त्या विचारत होत्या, "मी गेल्यावर इथलं पाणी कोण बघणार रे?" ताई, माझी बॅग मी या देशात आल्यापासून कधी पुरती रिकामी केली नव्हती. काल केली. तुम्ही व्हिटबीला निर्धास्त जा.

बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर धाकटा समजून पोटात घाला. आपण आलात, ऐकलंत, आभारी आहे. आता एकच विनंती. जेवणानंतर हॉल झाडून द्यायचा आहे. झाडू आतच फिरवा. मागच्या दाराशी मी उभा आहे.